काळ्या घोंगडीला रंग कशासाठी?

घोंगडी वाचवायची असेल तर तिला रंगवा, असं सांगणाऱ्यांची संख्या वाढते आहे. हस्तकलेच्या प्रदर्शनांत आणि बचत गटांच्या प्रशिक्षणांत हा सल्ला इतक्या सहजपणे दिला जातो, की त्यावर शंका काढणारा एक तर रासायनिक रंगवाल्यांचा माणूस ठरतो किंवा जुन्या वळणाचा हट्टी. सल्ला थोडक्यात असा: काळी, टोचरी घोंगडी शहरात खपत नाही. तिला डाळिंबाची साल, झेंडू, मंजिष्ठ, नीळ यांचे रंग द्या. रसायन टळेल, परंपरा टिकेल आणि धनगराच्या हातात पैसा येईल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरच्या बाजूला या सल्ल्याला आणखी एक पुस्ती जोडली जाते. तात्यासाहेब कोरे यांनी ज्या माळावर साखर कारखाना उभा केला, दूध संघ उभा केला, वारणा बाजार उभा केला, तिथे सहकारी तत्त्वावर लोकर रंगवण्याचं केंद्र का नको?

माझं उत्तर सरळ आहे. नको, कारण या योजनेला पांढरी लोकर लागते आणि आपल्याकडची मेंढी काळी आहे. घोंगडी रंगवण्याच्या नादात आपण तिचा मूळचा रंग, म्हणजे काळी दख्खनी मेंढीच, घालवून बसू.

गैरसमज नको म्हणून आधीच सांगतो, झाडपाल्याच्या रंगांशी माझं भांडण नाही. लोकरीवर हे रंग जितके देखणे चढतात तितके सुतावर चढत नाहीत. लोकर हे प्रथिन आहे. तिच्या केराटिनमध्ये आम्ल आणि अल्क अशा दोन्ही स्वभावांचे गट असतात, त्यामुळे तुरटीला आणि रंगाला धरायला मुबलक जागा मिळते. सुताला आधी हिरड्याच्या पाण्यात मुरवावं लागतं, तेव्हा कुठे तुरटी बसते. लोकरीचे एवढे लाड करावे लागत नाहीत. तिच्या वजनाच्या दहा ते वीस टक्के तुरटी, मंद आच आणि तासभर धीर एवढ्यावर भागतं. मग मंजिष्ठेच्या मुळ्या टाका, विटकरी लाल येतो. झेंडूच्या पाकळ्या टाका, पिवळा येतो. कांद्याची टरफलं सोनेरी-नारिंगी देतात. आटपाडी-सांगोल्याकडच्या डाळिंबाची साल तुरटीवर पिवळी उतरते आणि चिमूटभर हिराकस पडला की शेवाळी होते. निळीचं पिंप लावायचं तर आपला गूळ कामाला येतो, कारण पाण्यात न विरघळणारी नीळ विरघळवायची तर तिचं क्षपण करावं लागतं आणि चुन्याच्या सोबतीनं गूळ ते काम करतो. दक्षिणेकडचे जुने रंगारी त्यासाठी टाकळ्याचं बी वापरत. चुना मात्र बेतानं घालायचा, अल्कानं लोकर खराब होते. हे ऐकीव नाही. या पातेल्यांतून मी पांढरी लोकर काढली आहे आणि दोरीवर वाळणाऱ्या लडी बघून हरखूनही गेलो आहे.

पण ती लोकर पांढरी होती. सगळी गोम इथेच आहे.

दख्खनी मेंढी मुख्यतः काळी, फार तर काळ्यावर पांढरे डाग असलेली. तिच्या लोकरीचा काळा रंग वरून लागलेला नसतो, मेलॅनिनचे कण प्रत्येक तंतूच्या आत भरलेले असतात. झाडपाल्याचा रंग पारदर्शक असतो आणि खालचा पृष्ठभाग उजळ असेल तरच तो डोळ्यांना दिसतो. काळ्या लोकरीवर मंजिष्ठ चढवली तर भर उन्हात आडवी धरून कुठे तांबूस झाक सापडेल, सापडेलच असं नाही. घरात नेली की ती आपली काळीच. कार्यशाळेत शिकवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून त्याच्या पिशवीतून बहुतेक वेळा राजस्थानची किंवा मेरिनोची पांढरी लडी निघते. समोर बसलेल्या बाया घरून आणलेली काळी लोकर मुकाट्यानं पिशवीत ठेवतात आणि पाहुण्या लोकरीवर हात साफ करतात. प्रशिक्षण धनगराच्या नावानं, लोकर परमुलखाची.

यावर उत्तर येतं, की मग पांढरी लोकर देणारी मेंढी वाढवा. हेही काही आजचं खूळ नाही. गिरण्यांना काळी लोकर कधीच नको असायची. रंगवता येत नाही म्हणून जगभर तिला कमी भाव मिळत आला. दख्खनीचा मेरिनोशी आणि रॅम्बुलेशी संकर करून पांढरी, बारीक आणि रंग घेणारी लोकर काढण्याचे प्रयोग सरकारी फार्मांवर झाले. धनगराच्या वाड्यापर्यंत ते काही टिकाऊपणे पोचले नाहीत. रोजची चाल, उन्हाळ्यातला कोरडा माळ आणि पावसाळ्यातली ओली जमीन सोसून वर पिलू देणारी मेंढी त्याला हवी असते, आणि हे सगळं दख्खनी बिनतक्रार करते.

फार्मांना जे जमलं नाही ते मटणाच्या भावानं करून दाखवलं. जत तालुक्यातल्या माडग्याळची मेंढी उंच, बाकदार नाकाची, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके असलेली. तिचं पिलू झपाट्यानं वाढतं आणि बाजारात चांगला पैसा देतं. अंगावर लोकर मात्र तुटपुंजी. काळ्या कळपात माडग्याळचा नर सोडणाऱ्या धनगराला कोण नावं ठेवणार? दख्खनीची लोकर वर्षाला अर्ध्या किलोच्या आसपास निघते आणि तिला मिळणारा भाव अनेकदा कातरणीच्या मजुरीलाही पुरत नाही. लोकर कातरून बांधावर टाकून दिल्याची उदाहरणं आता नवलाची राहिलेली नाहीत. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या भरल्या. गणनेत मेंढीचा रंग विचारत नाहीत. पण कुठल्याही तळावर जाऊन उभं राहिलं तर कळप कसा फटफटीत होत चालला आहे ते दिसतं.

अशा वेळी रंगाचं केंद्र निघालं तर तिथला खरेदीदार पहिला प्रश्न काय विचारील? पांढरी किती आहे? काळीला तिथेही मागच्या रांगेत बसावं लागेल. आजवर काळ्या मेंढीच्या विरोधात एकटा मटणाचा भाव होता, आता नैसर्गिक रंगाचा झेंडा घेतलेली मंडळीही त्याच बाजूला उभी राहतील, आणि तीही घोंगडी वाचवण्याच्या नावाखाली.

परंपरेचा दाखला तर मला सगळ्यांत कच्चा वाटतो. महाराष्ट्रात रंगाची परंपरा होती आणि दांडगी होती. रंगारी, भावसार, निळीचं काम करणारे निराळी हे सगळे सुताचे आणि रेशमाचे जाणकार. दख्खनच्या पठारावर लोकरही रंगवली जाई, पण ती गालिच्यांसाठी. वरंगळचे गालिचे १८५१च्या लंडनच्या प्रदर्शनात गेले होते, येरवड्याच्या तुरुंगातले गालिचे नावाजलेले होते. त्यांतल्या कुणाचाही घोंगडीशी संबंध नव्हता. घोंगडी विणणाऱ्या सणगराच्या घरात खड्डा माग असे, चिंचोक्याची खळ शिजवायचं भांडं असे, ताण्याला खळ लावायचा कुंचा असे. रंगाचं पातेलं नसे, कारण रंगाचं काम मेंढीनंच करून ठेवलेलं असे. काळी, करडी, पांढरी लोकर निवडून वेगळी करायची आणि काठाला पांढऱ्याची रेघ ओढायची, ही तिथली रंगविद्या. कोकराच्या पहिल्या कातरणीची मऊ लोकर, जावळ, वेगळी ठेवायची, तिच्या घोंगडीला जास्त मोल. निवड हेच कौशल्य होतं. आज परंपरा म्हणून जे शिकवलं जातं ते सुताच्या परंपरेचं कातडं लोकरीला पांघरणं आहे.

आता घोंगडीच्या कामाचं बघू. ती शोभेची वस्तू नाही. पन्हाळा-शाहूवाडीकडच्या पावसात तिची खोळ डोक्यावर घेऊन माणूस दिवसभर बांधावर उभा राहतो. पाणी बराच वेळ वरच्यावर ओघळून जातं आणि आतपर्यंत ओल पोचली तरी ऊब जात नाही. यामागे दोन कारणं आहेत. एक म्हणजे दाट बसलेली जाडी लोकर. दुसरं म्हणजे लोकरीच्या अंगची चरबी, लॅनोलिन. दख्खनी मेंढीत ती मेरिनोइतकी नसते, पण असते, आणि घोंगडीची लोकर कडक धुतली जात नसल्यानं ती थोडीफार टिकून राहते. रंगवायचं ठरवलं की पहिली पायरी ही चरबी काढण्याची. ती काढल्याशिवाय तुरटी आत शिरत नाही आणि रंग ठिगळ-ठिगळ बसतो. म्हणजे साबणाच्या किंवा रिठ्याच्या गरम पाण्यात लोकर धुवायची, मग तुरटीत तासभर, मग रंगात तासभर. विणलेली घोंगडी अशी उकळली तर खळ निघून जाते, अंग सैल पडतं आणि ढवळाढवळ जास्त झाली तर ती आटून नमद्यासारखी होते. म्हणून रंगवायची तर लोकर किंवा लोकरीचं सूतच आधी रंगवावं लागतं. इतकं करून विणलेलं जे हातात येतं ते भिंतीवर टांगायला छान, सोफ्यावर टाकायलाही छान. जुलै महिन्यात ते पांघरून कुणी वारणेच्या काठावर वैरण कापायला जाऊन दाखवावं.

पाण्याचा आणि जळणाचा हिशेबही कुणी मांडत नाही. एक किलो लोकर मोकळी बुडायला साधारण तीस लिटर पाणी लागतं. दोन किलोच्या घोंगडीला तुरटीचं एक पाणी आणि रंगाचं दुसरं धरलं तर सव्वाशे लिटरला पोचलो. धुण्याचं आणि खळबळण्याचं पाणी वेगळं. रंगाची वनस्पती लोकरीइतक्या वजनाची, गडद छटेसाठी दुप्पटही. मंजिष्ठेचा तर रंग मुळ्यांत असतो. सह्याद्रीतला हा वेल आयुर्वेदाच्या औषधांसाठी आधीच उपटला जातो, त्यात आणखी एका गिऱ्हाइकाची भर.

"मग काय रासायनिक रंग लावायचे? पंचगंगेचं काय झालं ते दिसत नाही का?" हा सवाल मला हमखास केला जातो आणि विचारणाऱ्याला वाटतं की आता मी निरुत्तर झालो. पंचगंगेचं काय झालं ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. इचलकरंजीच्या प्रोसेस उद्योगांचं सांडपाणी हा जुना, खरा आणि न सुटलेला प्रश्न आहे. पण त्या पाण्यात घोंगडीचा एक थेंबही नाही. जे कापड रंगवावंच लागत नाही त्याला इचलकरंजीच्या सुती कापडाचं प्रायश्चित्त कशासाठी? रसायन टाळायचं असेल तर न रंगवण्यापेक्षा निर्धोक वाट कुठली? नैसर्गिक रंगवाले ज्या शुद्धतेच्या मागे धावताहेत ती शुद्धता काळ्या घोंगडीकडे आधीपासून आहे आणि नेमकी तीच घोंगडी त्यांना अडगळ वाटते.

शिवाय नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी हे समीकरणही तपासायला हवं. तुरटी सौम्य आहे, ते मान्य. पण रंग गडद आणि पक्का व्हावा म्हणून मोरचूद वापरतात आणि काही ठिकाणी पोटॅशियम डायक्रोमेटही. ते विषारी आहे, कॅन्सरला कारण ठरतं आणि शेवटी ओढ्यातच जातं. ॲझो रंगांपैकी घातक रंगांवर जर्मनीनं १९९४ साली निर्बंध आणले आणि आपल्याकडेही त्या दशकात अशा रंगांवर बंदी आली, ते योग्यच झालं. पण क्रोमचं पाणी झेंडूच्या पाकळ्यांसोबत ओतलं म्हणून ते पवित्र होत नाही.

हिराकसाबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण सगळ्यांत मोठा विनोद तिथे आहे. पांढरी लोकर घेऊन झाडपाल्याचा काळा रंग मिळवायचा झाला तर काय करतात? हिरडा, बाभळीची साल किंवा डाळिंबाची साल यांचं कषाय पाजतात आणि वर लोखंड, म्हणजे हिराकस. रंग सुरेख येतो. पण हे लोखंड तंतूला आतून खात राहतं. युरोपातल्या जुन्या विणलेल्या पडद्यांमध्ये तांबडे-निळे भाग शाबूत आणि काळे-तपकिरी भाग मात्र भुगा होऊन गळालेले, असं चित्र संग्रहालयांतल्या जतनकारांना वारंवार दिसतं. मेंढीच्या अंगचा काळा उन्हानं टोकाला थोडा तांबूस पडतो, हे खरं, पण तो लोकर खात नाही. आपल्या माळावर फुकट वाढणारा काळा बांधावर टाकायचा आणि राजस्थानची पांढरी लोकर विकत आणून तिला लोखंडानं काळी करायची, याला उद्योग म्हणायचं असेल तर म्हणा.

कार्यशाळांमधल्या हळदीबद्दल आणि बीटबद्दलही बोललं पाहिजे. बीटचा रंग लोकरीवर चढतो आणि उन्हात दोन-चार दिवसांत उतरतो. तो डाग असतो, रंग नव्हे. हळदीला तुरटीही लागत नाही, ती बोट लागताच धरते. म्हणून प्रशिक्षणात तिचं फार कौतुक, पहिल्या तासाला टाळ्या मिळतात. पण उन्हात ती टिकत नाही आणि साबण लागला की लालसर होते, जशी चुन्यानं हळदीला कुंकवासारखी लाली येते. कापडाचा उन्हातला टिकाऊपणा मोजायची पट्टी एक ते आठ अशी असते आणि ती बनवलेली असते, गंमत म्हणजे, निळ्या रंगात रंगवलेल्या लोकरीच्याच तुकड्यांची. हळद त्या पट्टीच्या अगदी तळाशी. धनगरांना हे सांगायला कुणी जायला नको. हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडारा आणि लोकर एकाच वेळी उधळतात. हळद आणि लोकर यांची गाठ तिथे पिढ्यान्‌पिढ्या पडते आहे. तरी त्या धनगरांनी कधी हळदीची घोंगडी काढली नाही. भंडारा अंगावर घ्यायचा असतो आणि पुढच्या पावसात धुऊन जायचा असतो, हे त्यांना कळतं.

राहिला बाजार. शहरातल्या गिऱ्हाइकाला रंग हवा, असं ठामपणे सांगितलं जातं. गिऱ्हाइकाला काय हवं ते बरंचसं विकणाऱ्यानं काय सांगितलं यावर ठरतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंडची बेटं आहेत. तिथल्या मेंढीच्या लोकरीचे अकरा मुख्य नैसर्गिक रंग मानले जातात, प्रत्येकाला स्वतंत्र नाव आहे आणि न रंगवलेल्या लोकरीचं विणकाम तिथे रंग न लावल्याचं भूषण मिरवत विकलं जातं. आइसलंडच्या स्वेटरांचंही तेच. आपल्या काळ्या, करड्या, तपकिरी छटांना अशी नावं देऊन कुणी दुकानात मांडल्या आहेत का? त्याआधीच काळी खपत नाही असा निकाल लावून मोकळे झालो. टोचते, ही तक्रार खरी आहे, पण रंगानं टोचणं कमी होत नाही. त्याला जावळ निवडणं आणि बारीक कातणं हाच उपाय आहे. आणि कातायला माणूस कुठे आहे? एका घोंगडीचं सूत कातायला दिवसच्या दिवस लागतात. ते कातणाऱ्या बायका म्हाताऱ्या झाल्या आणि त्यांच्या सुना त्या मजुरीत चरख्याला हात लावणार नाहीत. खरी अडचण तिथे आहे. रंगाच्या पातेल्याभोवती फोटोला गर्दी होते, चरख्याजवळ कुणी फिरकत नाही.

धनगराला पैसा मिळेल हे आश्वासनही असंच हवेत आहे. रंगामुळे वस्तूची किंमत वाढते ती रंगवणाऱ्याच्या आणि दुकानदाराच्या टप्प्यावर. कच्ची लोकर विकणाऱ्याला पहिल्याच टप्प्यावर निरोप मिळालेला असतो.

वारणेच्या सहकारी संस्थांनी काही करायचं असेल तर त्यासाठी त्यांना नवीन काही शिकायला नको. दूध संघात दूध ओतलं की फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून बाकीचे घन घटक, मोजतात, त्यावर दर ठरतो आणि ठरलेल्या दिवशी बिल जमा होतं. म्हशीच्या दुधाला गायीच्या दुधाचा दर कुणी लावत नाही. लोकरीला हीच पद्धत लावा. ऊसतोडीनंतर रिकाम्या झालेल्या रानांत मेंढरं बसायला येतात, तेव्हा कळपाची जागा आणि वेळ दोन्ही माहीत असतात. कातरणीच्या हंगामात तिथेच एक टेबल मांडा. काळी, करडी, पांढरी, जावळ असे ढीग वेगळे करा, काडीकचरा आणि लेंड्या असलेली लोकर वेगळी काढा आणि प्रत्येक ढिगाला वेगळा दर द्या. त्यात सगळ्यांत वरचा दर निखळ काळ्या जावळाला ठेवा. काळी मेंढी राखणं परवडतं हे एकदा हिशेबात दिसलं की नर कुठला ठेवायचा हे धनगर ठरवील, त्याला भाषण लागणार नाही. दुसरा पैसा कातणीच्या मजुरीत घाला, हाताची जमत नसेल तर छोट्या यंत्राची कातणी आणा. या दोन कामांवर जितका खर्च होईल त्यापेक्षा बॉयलर, कढया आणि सांडपाण्याची टाकी असलेलं रंगकेंद्र महाग पडेल, आणि ते चालवायला लोकर राजस्थानातून आणावी लागेल ती वेगळीच.

पांढऱ्या लोकरीचा ढीग उरणारच, छोटा का असेना. तो जरूर रंगवा. घोंगडीच्या काठापुरती ती लोकर पुरते. लाल रेघेला तुरटीवर मंजिष्ठ किंवा लाख (लाख किड्याची, झाडाची नव्हे, पण तेवढं चालवून घेऊ), निळ्या रेघेला गुळाच्या पिंपातली नीळ. हळद, बीट आणि हिराकस बाहेर ठेवा. आणि आज त्या काठात ॲक्रिलिकचा जो भडक लाल धागा घातलेला दिसतो, तो सगळ्यांत आधी बंद करा.